लिफ्टमधला तराजू

३ फेब्रुवारी, सोमवार
कन्येला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विषय मिळालाय: वजनरहित अवस्था. पंधरा तारखेला परीक्षकांना समजावून सांगायचं. सोबत एक पालक चालतो. बायको म्हणाली, माझ्या भावाला विचारू, तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मी म्हटलं, वजनाच्या बाबतीत या घराला बाहेरून माणूस आणायची गरज नाही. बावीस वर्षं काटे-तराजू दुरुस्त करतोय. ज्याला वजन असणं कळतं त्याला नसणं कळायला कितीसा वेळ लागणार? एक संध्याकाळ पुरे. पोरगी सातवीत गेल्यापासून मला काही विचारायलाच येत नाही. ते यानिमित्तानं पुन्हा सुरू होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार
एक संध्याकाळ पुरली नाही. पुस्तकातच घोळ आहे. म्हणे अंतराळवीर तरंगतात तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. छपाईची चूक. नव्वद खोडून शून्य केलं.
कन्येचं म्हणणं, यान आणि माणसं दोघं बरोबरीनं पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. मी म्हटलं, पडत असती तर एव्हाना आपटली असती. तर म्हणाली, पुढेही इतक्या जोरात जात असतात की जमीन खाली वळत जाते. पोर आहे. कळेल हळूहळू.

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पाच ते सहा अभ्यास. गजर लावला.

६ फेब्रुवारी, सकाळी आठ
गजर बिघडलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार
पुस्तकी विद्या बंद. आता प्रयोग. कन्या म्हणते, लिफ्ट खाली सुटताना क्षणभर वजन कमी होतं. दुकानाच्या इमारतीला आठ मजल्यांची लिफ्ट आहेच. ती बाथरूममधला स्प्रिंगचा काटा घ्या म्हणत होती. तसल्या डब्याला मी हात लावत नाही. वडिलांचा पितळी तराजू घेतला. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात किलोभर खिळे. तीनदा वर, तीनदा खाली. दांडी केसभरही हलली नाही. निष्कर्ष: लिफ्टमध्ये वजन कमी होतं ही अफवा आहे.
कन्या म्हणाली, दोन्ही पारडी सारखीच हलकी होणार ना. मी म्हटलं, माझा तराजू खोटं बोलत नाही. यावर ती गप्प. पाचव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघालेला एक गृहस्थ गाल धरून खाली ताटकळत होता. तो मात्र गप्प बसला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लिफ्ट जुनी आहे, दोष तिचाच. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा गेलो तर लिफ्टमननं तराजू बघूनच दार ओढून घेतलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.
संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. काही मदत हवी का? सगळं आटोपलंय असं कळवलं. मग कन्या फोन घेऊन गॅलरीत गेली ती पाऊण तास. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं. हे मला लागलं.

१४ फेब्रुवारी, दुपारी चार
तक्ता तयार. अक्षर सुरेख. पण मधोमध ठळक लिहिलंय: 'ते सतत पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही.' उद्या चारचौघांत पोरीचं हसं होणार. ती क्लासला गेली होती. मार्करनं ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते.' आटोपशीर. बापानं नाही सांभाळायचं तर कुणी? तक्ता गुंडाळून ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
प्रदर्शन झालं. सोबत मीच गेलो, तराजू घेऊन. तक्ता उलगडताना कन्या जरा गडबडली. ऐन वेळी होतं तसं. बाटलीचा प्रयोग मात्र झकास. तळाला भोक, पाण्याची धार. स्टुलावर चढून बाटली सोडली की पडता पडता धार थांबते. परीक्षक बाई तक्त्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. नंबर आला नाही. वशिला असणार. बसमध्ये कन्या सारखी खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
काल सगळं लिहिलं नाही.
बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, बाटली तर याच खोलीत पडली, इथे गुरुत्वाकर्षण आहे, तरी धार थांबलीच ना? मग हे वाक्य कुणी लिहिलं? मी शेजारीच उभा होतो, दोन्ही हातांनी तराजू धरून. कन्येनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी लिहिलं. चुकलं माझं."
मी तोंड उघडलं नाही.
आज लिफ्टमनची सुट्टी. बाथरूमचा काटा घेऊन एकटाच लिफ्टमध्ये गेलो. त्यावर उभा राहिलो. लिफ्ट खाली सुटली तसा काटा एकाहत्तरवरून पासष्टवर आला, आणि लगेच पुन्हा एकाहत्तर. सात वेळा बघितलं. सातही वेळा तेच. का, ते अजून कळलेलं नाही.
घरी आलो. ती टेबलाशी वाचत होती. खुर्ची ओढून शेजारी बसलो. मला हे कळत नाही, तू समजावून सांग, एवढंच म्हणायचं होतं.
म्हणालो, जेवलीस का?
हो म्हणाली, आणि पुस्तक घेऊन आत गेली.