क्रेन क्रमांक तीनच्या चालकाचे दूध

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
पत्रा गोदाम विभाग, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मला तीन महिन्यांसाठी क्रेनवरून खाली उतरवण्याबाबत (चौथा अर्ज).
संदर्भ : आपल्या प्रसूती शाखेचे, मला 'श्रीमती' म्हणणारे पत्र.

महोदय,

१. मी अकरा वर्षे क्रेन क्रमांक तीन चालवतो. छताखालच्या केबिनमध्ये बसून सहा टनांच्या पत्र्याच्या गुंडाळ्या माणसांच्या डोक्यांवरून नेणे, हे माझे काम. हुक लावणारे मामा खाली असतात. (ते माझे कोणी लागत नाहीत, त्यांना सगळेच मामा म्हणतात.) गेल्या महिन्याच्या तीन तारखेला ते माझ्या डाव्या हाताला उभे होते आणि मला दिसले नाहीत. गुंडाळी त्यांच्या हेल्मेटला घासून गेली. मामा खालून ओरडले, "अरे, माणूस आहे मी, खांब नाही!" वास्तविक खांबही मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून मी वर चढलेलो नाही. रोज शिडीपाशी स्टुलावर बसतो व गैरहजर मांडला जातो.

२. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून दोन्ही बाजूंना बोटे हलवली. मला फक्त त्यांचे नाक दिसत होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे. पण ती डोळ्यांच्या नसांवर दाबते, म्हणून दोन्ही कडांचे दिसणे गेले. हीच गाठ प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक बेसुमार सोडते. बाळंतिणीला दूध येते ते याच्यामुळे. पुरुषातही ते थोडे असतेच. माझ्यात शंभरपट निघाले. सबब माझ्या बनियनवर डाग पडतात. ते दुधाचे आहेत. हे वाक्य मी आजवर अर्जात न लिहिता डॉक्टरी दाखल्यावर सोडून देत आलो होतो.

३. पहिला अर्ज समास न सोडल्याबद्दल परत आला. कडा दिसत नाहीत असे सांगणारा अर्ज या कारणासाठी परत करायला विशेष नजर लागते. दुसरा अर्ज आपल्या लिपिकांनी दाखल्यातील 'दूध' या शब्दापर्यंत वाचला आणि प्रसूती शाखेकडे ढकलला. त्या शाखेने अपत्याचा जन्मदाखला व पतीची संमती मागवली. मी समक्ष गेलो. लिपिक माझ्या मिशीकडे बघत म्हणाले, "दादा, बाईंना पाठवा ना, तुम्ही कशाला आलात?" मी म्हणालो, "बाई मीच." टेबलाटेबलांवरून हसू फिरले. आपणही काचेआडून हसलात; समोरचे मला अजून स्वच्छ दिसते. तिसऱ्या अर्जावर आपली सही आहे : 'अर्जदार पुरुष असल्याने प्रसूती रजा नामंजूर.' रजा मी मागितलेलीच नाही. खाली गुंडाळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम मागितले आहे.

४. (गाळला. नम्र होत नव्हता.)

५. आपल्या माहितीसाठी. या ग्रंथीतली बाकीची संप्रेरके बहुतांशी वरून हुकूम आला की सुटतात. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. ते सोडले तर वाहतच राहील. म्हणून मेंदू दिवसभर डोपामिन नावाचे रसायन पाठवून त्याला 'नाही' म्हणत असतो. बाळ छातीला लागले की मेंदू तो नकार आपणहून सैल करतो. माझी गाठ त्या नकाराला जुमानत नाही. आठवड्यातून दोनदा घ्यायच्या गोळ्या डोपामिनचेच काम, पण कितीतरी जोराने, करतात. त्यांनी तीन महिन्यांत गाठ आकसेल आणि बहुधा नजर परतेल, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणजे शरीरातही वरच्या मजल्यावर नकार देण्याचे कार्यालय आहे. फरक इतकाच, की समोर बाळ आहे की नाही, हे ते आधी बघते.

६. प्रोलॅक्टिन वाढले की पुरुषपणाचे संप्रेरक खाली बसते. आमच्या घरात सात वर्षे पाळणा हलला नाही, आणि सात वर्षे आई माझ्या पत्नीला बोलत होती. तपासणीचा कागद आला तेव्हा पत्नी म्हणाली, "घ्या आई, दूध तुमच्या मुलाला आलंय. आता त्यालाच विचारा." या घराकडे आपण जन्मदाखला मागितलात.

७. शुक्रवारी क्रेनवर न चढल्यास नोकरी संपेल, अशी नोटीस आपल्या सहीने आली आहे. शुक्रवारी मामांचीच पाळी आहे. मी चढणार नाही. तरी चढवायचेच असेल, तर तसा लेखी हुकूम द्यावा आणि गुंडाळी उचलताना मामांच्या जागी आपण उभे राहावे. डावीकडे की उजवीकडे, ते आपल्या सोयीने ठरवावे. मला दोन्ही सारखेच.

या अर्जाला दोन्हीकडे समास आहेत. पट्टी पत्नीने धरली.

कळावे, कळेल अशी अपेक्षा नाही.

आपला नम्र (नाइलाजाने),
चालक, क्रेन क्रमांक तीन
सोमवार, दुपारची पाळी

सोबत :
अ) डॉक्टरीणबाईंचा दाखला. कृपया 'दूध' या शब्दाच्या पुढेही वाचावा.
आ) अपत्याचा जन्मदाखला : अद्याप निरंक.
इ) मामांचे हेल्मेट, डावीकडून चेपलेले. शुक्रवारच्या आत परत करावे; त्यांच्याकडे एकच आहे.