शिवती दोरी

आबा, तुमचं चाक बराबर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं बोलणं लांबतं आणि लिहिणारीचं मनगट दुखतं. लिहिणारी म्हणजे माझी नात, मोठ्या लेकाची, औंदा दहावीला आहे. मला अक्षर येत न्हाई हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात बाप म्हणून तुमचाही हात आहे, पण ते भांडण आज काढत न्हाई. मी बोलते, ती लिहिते. मधूनमधून मला सुधारते. मी ‘हाय’ म्हणलं की ती ‘आहे’ लिहिते. मी म्हणलं, लिही बाई, तुझ्या शाळेची अब्रू राहू दे, पण त्या वेळचं बोलणं जसंच्या तसं आणि माझं ‘न्हाई’ तेवढं ‘न्हाई’च ठेव. ‘नाही’ म्हणलं की नकार दिल्यासारखं वाटतच न्हाई, पाहुण्याला चहा विचारल्यासारखं वाटतं.

झालं असं की परवा दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडून राह्यले होते आणि ही समोर भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तोंड असं की कुणी मेलंय. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “स्पर्शिका.” मी म्हणलं, “कोण ती? नवीन मास्तरीण आली का?” तिला हसू आलं न्हाई. म्हणाली, “आज्जी, वर्तुळाला एकाच ठिकाणी स्पर्श करून जाणारी रेषा. आत शिरत नाही, नुसती टेकते.” मी मेथीची काडी खाली ठेवली. म्हणलं, “मंग शिवती म्हण की. एवढं लांब नाव कशाला?” ती म्हणाली, “शिवती काय असतं?” मी म्हणलं, “आधी तुझं गणित सांग.” ती वाचायला लागली. वर्तुळाच्या बाहेर एक बिंदू आहे. तिथून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या, एक या अंगानं, एक त्या अंगानं. एकीची लांबी बारा. तर दुसरीची किती?

“बारा,” मी म्हणलं.

तिनं पुस्तकाच्या शेवटची पानं उलटली, बघितलं, आणि माझ्याकडं संशयानं बघून म्हणाली, “तू मागचं उत्तर बघितलं का?”

“हो, बघितलं ना. वाचून घेतलं सगळं.”

तेव्हा कुठं हसली. पण लगेच म्हणाली, “आज्जी, नुसतं बारा म्हणून भागत नाही. सर कंसात कारण मागतात. प्रत्येक ओळीपुढं कारण. माझे मार्क तिथंच जातात.” मी म्हणलं, “कारण काय त्यात? दोन्ही बाजू सारख्या न्हाई आल्या तर चाक वाकडं.” आणि मंग मी तिला तुमची रीत सांगितली.

तुम्ही कामाला बसायचे ती लिंबाखालची जागा मला अजून दिसते. बैलगाडीचं चाक दगडांवर आडवं टाकलेलं. मधला तुंबा बसला, आरे ठोकून झाले, गोल कड जुळली, आता वरून लोखंडाची धाव, ती गोल पट्टी, चढवायची तेवढी राहिली. धाव एकदा चढली की चाक जसं असेल तसं जन्मभर राहतं, म्हणून तुम्ही त्याच्या आधी चाकाची परीक्षा घ्यायचे. चाकापासून दोन हातांवर उंच खुंटी ठोकायची. खुंटीला दोन दोऱ्या. एक दोरी तुम्ही चाकाच्या डाव्या कडेला न्यायची, दुसरी मी उजव्या कडेला. दोरी ताठ धरायची आणि कडेला बाहेरून नुसती शिववायची. जिथं शिवली तिथं चिमटीत पकडायची, की तुम्ही त्या जागी कावेचं लाल बोट लावणार. मंग दोन्ही दोऱ्या एकमेकीला लावून बघायच्या. लाल ठिपके एकाच जागी आले तर चाक तेवढ्यापुरतं गोल. मंग चाक जरा फिरवायचं आणि परत तेच. असं चारदा. दुसरे सुतार हसायचे, म्हणायचे, मिस्तरी चाकाचं लगीन लावून राह्यला, चार फेरे घेतो. त्या दोरीला तुम्ही ‘शिवती’ म्हणायचे. कडेवरून आत गेली की म्हणायचे, “घुसली, घुसली. घुसणारी नको, शिवती पाहिजे.”

आता त्या दिवसाचं. मी दहा वर्षांची असेन. वेशीपलीकडच्या वस्तीतला एक माणूस पहिल्यांदाच स्वतःची गाडी करून घेत होता. त्या लोकांनी बौद्ध धर्म घेऊन चार-दोन वर्षं झाली होती, पण आपली माय अजून जुन्याच नावानं बोलायची. सकाळी तिनं मला भाकरी वाढता वाढता बजावलं, “तो माणूस येणार हाय. दोरी धर, पण त्याला शिवू नको.” तो आला आणि चाकाच्या उजव्या अंगाला दगडावर बसला. बराबर तिथं, जिथं मला दोरी घेऊन उभं राहायचं होतं.

तुम्ही तुमची दोरी लावली आणि म्हणाले, “हं, शिव.” मी जागची हलले न्हाई. तुम्ही परत म्हणाले, “शिव की. नीट शिव.” आबा, तुम्ही दोरीचं म्हणत होते. माझ्या कानात मायचं होतं. एकच शब्द, एक म्हणतंय शिव, एक म्हणतंय शिवू नको, आणि मधे मी, हातात दोरी घेऊन. मी काय केलं, तर इकडंच खुंटीच्या अंगाला थांबले, वाकले, आणि लांबूनच हात पुरवून दोरी पकडली. मंग तुम्ही दोऱ्या जुळवल्या, तर माझी दोन बोटं आखूड.

तुम्ही काही बोलायच्या आत मी मोठ्यानं म्हणलं, “दोन बोटं कमी हाय, आबा. चाक वाकडं हाय.”

त्या माणसानं आधी माझ्याकडं बघितलं, मंग तुमच्याकडं. तुमचा चेहरा मी तसा कधी बघितला न्हवता. तुम्ही म्हणाले, “चाक वाकडं न्हाई. वाकडी तू. जा घरात.” तो माणूस म्हणाला, “असू द्या मिस्तरी, लेकरू हाय.” मी घरात गेले. दाराआड उभी राहिले तेव्हा तुमचा आवाज आला, “चाक बराबर हाय. उद्या धाव चढवू.” आणि तो म्हणाला, “तुम्ही म्हणता तर बराबरच.”

बस. एवढ्यावर मी गोष्ट रचली आणि साठ-पासष्ट वर्षं चालवली. माझा बाप एवढा नावाजलेला सुतार, पण वस्तीतला माणूस बघून त्याच्या गळ्यात वाकडं चाक मारलं, आणि ते पकडलं कुणी, तर दहा वर्षांच्या पोरीनं. लगीन झाल्यावर ही गोष्ट मालकांना सांगितली. सुनांना सांगितली. एकदा बसमधे शेजारी बसलेल्या बाईला सांगितली, घनसावंगी येईपर्यंत पुरली. ऐकणारा म्हणायचा, “केवढ्या हुशार होता तुम्ही,” आणि मी म्हणायचे, “कसली हुशार, शाळेचं तोंड न्हाई बघितलं,” म्हणजे तो परत एकदा हुशार म्हणायचा.

परवाही मी ती तशीच सांगितली. तर ही म्हणते, “आज्जी, ही तर मी निबंधात लिहिली होती. ‘माझ्या आजीचे धाडस’. बाईंनी सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवला.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. मी म्हणलं, “ये, तुला करूनच दाखवते.”

फरशीवर परात पालथी टाकली. खुंटी म्हणून तिच्या पायाचा अंगठा. अंगठ्याला सुतळीच्या दोन दोऱ्या बांधल्या. डावी दोरी तिला धरायला लावली. उजव्या अंगाला तो माणूस बसला होता म्हणून तिथं ज्वारीचं अर्धं पोतं ओढून ठेवलं. आणि मी तेव्हासारखीच इकडं थांबले, वाकले (आता वाकायला येत न्हाई, बसूनच वाकले), आणि दोरी पकडली. दोन्ही जुळवल्या. माझी आखूड. मी म्हणलं, “बघ, म्हणलं न्हवतं?”

ती म्हणाली, “पण आज्जी, परात तर वाकडी नाही.”

मी परातीची कड बोटानं चाचपून बघितली.

तिनं मला परत तसंच धरायला लावलं आणि डोकं फरशीला टेकवून बघितलं. म्हणाली, “तुझी दोरी परातीवर चढलीये. आत गेली आहे. ही स्पर्शिका नाही, ही छेदिका झाली. म्हणून आखूड येते.” मंग तिनं पोतं बाजूला सारलं, माझा हात धरून पोत्याच्या जागेपर्यंत नेला, दोरी बाहेरून टेकवली, आणि परत जुळवून बघितलं. दोन्ही सारख्या. केसभर फरक न्हाई. म्हणाली, “आज्जी, तुझे आबा बरोबर होते. तू तिथं उभीच राहिली नाहीस.”

ती हे मला वाईट वाटावं म्हणून बोलली न्हाई. गणित सुटल्याच्या खुशीत बोलली. पुस्तक उघडून बसलीसुद्धा. पण मला तेवढ्या वेळात दाराच्या फटीतून दिसलेलं एक दिसायला लागलं, जे मी गोष्टीत कधीच घेतलं न्हाई. मला घरात धाडल्यावर तुम्ही त्या माणसाला म्हणाले, “आता तुम्ही धरा. तुमचंच चाक हाय.” तो उठेना. म्हणाला, “मी कसा?” तुम्ही उठून त्याच्याकडं गेले, त्याचं मनगट धरलं आणि दोरीसकट चाकाच्या कडेला नेलं. म्हणाले, “इथं. शिवली बघा.” तेव्हा मला वाटलं, गोड बोलून फसवून राह्यले. आता वाटतं, गावात त्याचं मनगट असं धरणारा दुसरा कुणी मला आठवत न्हाई. मी तुम्हाला फार मोठं करत न्हाई हां, आबा. त्याला पाणी तुम्ही वरूनच ओतलं होतं, तेही मी बघितलंय. पण दोरीच्या कामाला तुम्ही शिवाशिव आणली न्हाई. आणली मी.

नंतर आठ-दहा दिवसांनी तुम्ही मला एक खुंटी करून दिली. बाभळीची, माझ्या मुठीत मावेल एवढी, डोकं गुळगुळीत घासलेलं. नुसती पुढं धरली. मला कळलं होतं की परत दोरी धरायला ये म्हणताय. मी ती नेऊन परड्यात ठोकली आणि तिला शेळी बांधली. शेळीनं दोरी पुरेल तेवढा गोल चरून काढला, अगदी तुमच्या चाकासारखा, आणि तुम्ही येताजाता तो बघायचे. त्यानंतर मी तुमच्या हाताखाली कधी बसले न्हाई. बसले असते तर निदान आकडे शिकले असते, असं आता ही पोरगी रागावून म्हणते. मी म्हणलं, तू लिही गुमान.

सोमवारी ती बाईंना निबंधाचं सांगणार आहे. मी सांगितलं न्हाई, तीच म्हणाली. म्हणाली, वर्गात वाचलं होतं तर वर्गातच सांगावं लागेल. मी म्हणलं, माझं धाडस जाईल की गं. ती म्हणाली, जाऊ दे. तुमच्यावर गेली आहे पोरगी, आबा.

हे सगळं तिनं भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. पानं फाडायची न्हाईत, वही तपासायला जाते, फाटलेली चालत न्हाई म्हणे. म्हणजे हे इथंच राहणार, स्पर्शिकेच्या पाठीमागं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तसंही घाई न्हाई. आत्ता तिनं पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि म्हणाली, “आज्जी, पहिल्या ओळीत सांगितलंस चाक बराबर होतं. त्याच्यापुढं कंसात कारण लिहावं लागेल. परातीवरून चाक सिद्ध होत नाही.”

हुशार आहे. तर कारण असं, आबा. त्या उन्हाळ्यात मी ओढ्यावर धुणं धूत होते आणि मागून त्या माणसाची गाडी आली, रिकामी. वाकडं चाक रिकाम्या गाडीत लपत न्हाई, दर फेऱ्याला एक ठेका चुकतो, हे तुम्हीच शिकवलेलं. मी हातातलं धुणं थांबवून डोळे मिटून ऐकलं. एक ठेका चुकला न्हाई. त्यानं मला ओळखलं, लांबच बैल थांबवले आणि म्हणाला, “बाळे, तुझ्या आबाला सांग, चाक पाण्यावाणी पळतं.”

मी हो म्हणलं. घरी आले, तुम्ही लिंबाखालीच होते, तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा. मी निरोप तोंडातच ठेवून तुमच्या समोरून परड्यात गेले आणि धुणं वाळत घातलं.