खाली खोकी कोणी लावली?

प्रिय माकडा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत आणि तुझी आई माझ्यावर खेकसण्याइतकी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळतेस. "बाबा, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं," म्हणतेस, मीही बरं बरं म्हणतो, आणि फोन ठेवला की डोक्यात भुंगा सुरू होतो. तुझा नवा सिनेमा आम्ही पाहिला. नायिका त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवरून मागच्या मागे पडते, ती तू आहेस की नाहीस, एवढंच मला कळत नाहीये. चेहरा तर नायिकेचाच आहे, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा तू आईला शब्द दिला होतास, की यापुढे उंचावरून पडणार नाही, फक्त इतरांना मारामारी शिकवीन. तो शब्द अजून आहे ना?

हसशील, पण जन्मभर मी सिनेमात हेच पडायचं काम केलं आणि आज मलाच ओळखता येईना. माझ्या उस्तादांच्या वेळी बरं होतं. तलवारबाजीचा जमाना, कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला, मध्ये काटछाट नाही. चूक झाली की रक्त खरं. मग आमचा जमाना आला, ठोशांचा. ठोसा हनुवटीच्या वीतभर लांबून जायचा, मारणारा नुसता हात फिरवायचा, मान झटकून टेबलावर कोसळायचं सगळं काम मार खाणाऱ्याचं. आवाज मागाहून भरायचे. तुझी आजी म्हणायची, एवढा ढिशूम ढिशूम चालतो आणि मेल्याचा एक दात कसा पडत नाही! पुढे नायकांनी दंड फुगवले आणि गाड्या उडायला लागल्या. आम्ही काचा फोडत, जाळ चुकवत पळत होतो. मग आल्या तारा. माणसं भिंतींवरून चालायला लागली, आणि आम्ही दिवसभर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लटकलेले. त्यानंतर तो हिरवा पडदा, त्याच्यापुढे नुसतं हातपाय हलवायचे आणि दरी, आग सगळं मागाहून कॉम्प्युटरवर भरायचं. तेव्हा म्हटलं, चला, संपलं आपलं. तर आता म्हणे लोकांना पुन्हा खरं हवंय! नायक दमतो, धापा टाकतो, बरगडी धरून बसतो, कॅमेरा त्याच्या मागेमागे जिना चढतो. आणि ते खरं दिसावं म्हणून तार पुसतात, खाली पडायला लावलेली खोकी पुसतात, चेहरासुद्धा बदलतात. मग त्यात खरं उरतं काय? कोणाला विचारावं तर जो तो वेगळंच सांगतो.

खोक्यांवरून आठवलं. तू शाळेत होतीस तेव्हा सेटवर यायचीस आणि रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास बघून विचारायचीस, बाबा, यात काय आहे? मी म्हणायचो, हवा. तीच तर वाचवते. खोकी आडवी-उभी कशी लावायची, कोपरे कुठे कापायचे, वर पातळ गाद्या कशा टाकायच्या, हे मी तुला पोळीभाजीच्या डब्याबरोबर शिकवलं. आपल्यातली रीत आठवते ना? जो खोकी लावतो, त्याने आधी स्वतः पडून बघायचं. मग उडी मारणाऱ्याने खाली बघायचं नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. त्याने हात वर केला की सोडायचं स्वतःला. तुझ्या पहिल्या उडीला हात माझा होता.

आता थिएटरात काय झालं ते ऐक. तुझी आई, जिने मारामारीच्या माणसांसाठी आयुष्यभर कपड्यांच्या आतल्या गाद्या शिवल्या, तिने माझी एकही उडी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. मी पडायला लागलो की ही तोंडावर तळवे घेऊन बसायची. या वेळी मात्र ताठ बसली, सगळं बघितलं, वर टाळ्या वाजवल्या! आणि डोळे मिटले ते मी. लाज वाटली गं. मग दाढी करून येतो असं सांगून एकटा पुन्हा गेलो, तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिकीटवाला म्हणाला, काका, एवढा आवडला? त्या वेळी खुर्ची घट्ट धरून पाहिलं. सुटण्याआधी त्या मुलीचा डावा खांदा जरासा वर गेला. हाड जुळल्यापासून तुझा जातो, तसाच. आपल्या जुन्या संकलकाला गाठलं, तर तो म्हणाला, अरे, अंगाला ठिपके लावून तिची नुसती चाल टिपून घेतली असेल, मग कॉम्प्युटरची बाहुलीही तसाच खांदा उचलेल. म्हणजे ती तू असशील किंवा नसशील. झालं! जिथे होतो तिथेच.

आणि इकडे तुझी आई येईल-जाईल त्याला सांगते, आमची आता फक्त शिकवते हो, ती उडी कॉम्प्युटरची होती. मी शेजारी बसून मान डोलावतो. तिला संशय सांगावा तर तिची झोप जाईल, न सांगावा तर माझी गेलेलीच आहे. तुझ्यावर रागवायचं की तुझं कौतुक करायचं, तेही ठरत नाही. कारण उडी सुंदर होती. तू असशील तर माझ्यापेक्षा चांगली पडलीस, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही.

खरं तर हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलं नाही. काल तुझ्या आईने माझ्यासमोर एक पुडकं ठेवलं आणि म्हणाली, तिला पाठवा, आणि सोबत दोन ओळी लिहा, तुम्हाला काय लिहायचं ते. उघडून बघितलं तर आत खांद्याची गादी. नवी, दुहेरी शिवणीची, घामाने टोचू नये म्हणून आतून मऊ कापड लावलेली. एकच होती. मी विचारलं, अगं, दुसऱ्या खांद्याची कुठेय? तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, तिचा डावाच वर जातो ना. म्हणजे तिलाही दिसलं होतं, पहिल्याच दिवशी. मग टाळ्या कशाला वाजवल्यास, असं विचारणार होतो, पण सुईने टोचलेली तिची बोटं बघितली आणि पुडकं पुन्हा बांधायला घेतलं. तर गादी पाठवतोय, ती घाल. आणि पुढची उडी कधी आहे ते कळव. खोकी लावायला मी येतो. गुडघ्यांचं बघू काय ते, आधी मी पडून बघेन, मग हात वर करेन. तोवर सोडू नकोस स्वतःला.

तुझाच, अजून खालीच उभा असलेला,
बाबा