एकच रात्र वापरलेला तंबू

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी सायकलवर एकट्यानं परंड्याला मुक्कामी जायचंय, म्हणून उमरग्याच्या सलीमभाईंकडून हलका तंबू घेतला. निम्म्या किमतीत! म्हणाले, एकच रात्र वापरलाय. मग विकला कशाला? नक्की गळत असणार.

किराणा दुकानात वजन केलं, बरोबर भरलं. दांड्या तपासल्या. शिवण उसवून बघायची तेवढी राहिली. शेवटी गच्चीवर उभा केला, बायकोला आत बसवलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. ही कोरडी ठणठणीत. पण एकच रात्र का?

आतूनच म्हणाली, "भाई एकटे झोपायला भ्याले असतील. तंबूत खोट न्हाय. तुमालाच जायचं न्हाय."

रागानं आणखी एक बादली ओतली. आत थेंब गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं.