निळ्या पडद्याची दहा सेकंदं

मारेन,

काल तू ओरडलीस, "आजोबा, मी कॉम्प्युटर मारून टाकला!" अगं, तो ठणठणीत आहे. ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, तू नीटच घातला होतास. रीस्टार्ट होताना निळा पडदा आला, तेव्हा घाईत पहिलाच पर्याय दाबलास आणि पुढे गेलीस. तो पडदा विचारत होता, 'हा नवा ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा आहे का?' तू उत्तरच दिलं नाहीस, म्हणून कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सने त्याला आत घेतलं नाही. म्हणूनच तू कॉम्प्युटरवर बनवतेयस ती बर्फाची फिल्म रखडत होती.

सकाळी मी सगळं पुन्हा तयार केलंय. फक्त रीस्टार्ट तू कर. निळा पडदा दहाच सेकंद थांबतो, तेवढ्यात कुठलंही बटण दाब. मग दुसरा पर्याय निवड आणि पासवर्ड म्हणून आपल्या मांजरीचं नाव लिही. एक कोडं: हे उत्तर कॉम्प्युटरसमोर बसूनच का द्यावं लागतं? दूरवरून का चालत नाही? परका माणूस कुठून आत शिरू पाहील, याचा विचार कर.

शेजारच्या आस्ट्रिडबाई मला डुलूथच्या इस्पितळात सोडतायत. छातीचं तेच जुनं दुखणं. रात्री त्या तुझ्या सोबतीला येतील. सूप फ्रिजमध्ये आहे.

फिल्म उद्या शाळेत द्यायची आहे, ठाऊक आहे मला. तरीही ते बटण मी दाबलं नाही. हे तुला माझ्याशिवाय यायला हवं.

चार वाजता मला आत नेतील आणि फोन काढून घेतील. त्याआधी पडद्यावर काय आलं ते कळव. चुकलं असलं तरी कळव. ते ऐकूनच मला आत जायचंय.

आजोबा