पारावरच्या बाया

पिंपरी पेंढार,
डिसेंबर २००२

प्रिय वृषू,

तू रागानं संध्याकाळची एसटी धरलीस, म्हणून पुढची गंमत हुकली तुझी. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय मोडलीय. पण नाना फोनवर धड सांगायचे नाहीत, तेव्हा मीच बसले लिहायला.

चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी तू टोमॅटोच्या खोक्यांच्या फळ्या जोडून आम्हा पाच बायांची अंगाएवढी चित्रं केलीस. पाय सोडून बसलेल्या, तोंडभर हसणाऱ्या बाया. पहाटे नेऊन मारुतीपुढच्या पारावर मांडल्यास. ज्या पारापुढून आम्ही चपला हातात घेऊन, पदर ओढून जातो, त्याच पारावर! हौशीराम तात्यांना मेलं दिसतं कमी. आपल्या जागेवर सोनीबाई बघून म्हणाले, "सोने, सरक की जरा." ती सरकेना, तसा त्यांनी हात लावून पाहिला आणि असे काही ओरडले, की भाकरी थापताना आठवलं तरी मला हसू फुटतं.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. तू त्यांना स्त्रीवाद समजावून सांगायला गेलीस, आणि वाद म्हटल्यावर त्यांनी भांडणच काढलं. "सावळाराम, पोरगी पुण्याला ह्यासाठी धाडली व्हय?" असं चारचौघांत विचारल्यावर तुझे नाना मान खाली घालून एवढंच म्हणाले, "उचल ते." तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून दिसतं.

तू गेलीस आणि फळ्या देवळामागं पालथ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सोनीबाईला चिडवलं, "तुला उकिरड्यावर टाकलीया." ती तरातरा निघाली, मी मागोमाग. धनी गेल्यापासून त्या बाईनं आरशात नीट पाहिलं नसेल. फळी सुलटी करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी अशी हसते व्हय गं? लई ग्वाड दिसते की!" आणि फळी काखेत मारून थेट पारावर. तात्या म्हणाले, "बायांनी पारावर बसायचं नसतं, ठावं नाय का?"

"बाई कुठंय? फळी हाय ती. फळीला भ्यालात व्हय, तात्या?"

सगळे पुरुष हसले. तात्यांनाही हसू आवरेना. तेवढ्यात "गुडघा कळ मारतोय बया" म्हणत सोनीबाई फळीशेजारी टेकली. आत्ताच हसलेल्या माणसांना लगेच रागावता येईना. कुणी ऊठ म्हणालं नाही.

मग काय! सोनीबाईनं उरलेल्या चारही फळ्या आणून पारावर मांडल्या. शेतातून येताना कांद्याच्या रोपाची पाटी उतरवायला म्हणून साळुबाई बसली. तिच्या सुनेनं तर चपला पायातच ठेवल्या. दोघेतिघे कुरकुरले, तात्या दोन दिवस रुसून घरी बसले, पण घरात करमेना म्हणून परत आले. मीही बसले गं. पहिल्यांदा इकडंतिकडं बघत अशी टेकले, जणू चोरी करायला आलेय. लग्न होऊन आल्यापासून त्या पाराखालून जातेय, पण तिथनं आपल्या घराची कौलं दिसतात, हे मला माहीतच नव्हतं. वर वारा काय छान लागतो!

तेवढ्यात नाना सायकलवरून आले. माझ्याकडे पाहिलं आणि तसेच पुढं गेले. म्हटलं, आता घरी काही खरं नाही. जेवणं झाली. मग हात धुता धुता म्हणाले, "उद्या पोतं घिऊन जा बसायला. दगुड गार असतो."

आता खरं सांगते. तू फोनवर नानांना कॉलेज सोडून डी.एड. करायचं म्हणालीस, ते त्यांनी फोन करून घरी आल्या आल्या मला सांगितलं. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नाही. "माझ्यापायी सोडतीया, तूच लिही तिला," म्हणून हे पाकीट त्यांनीच आणून दिलं. तर सोडायचं नाही. मास्तरांनी विचारलं, लोक तुझं काम बघायला आले का, तर सांग, बघायला नाही, बसायला आले. आणि येत्या रविवारी येऊन तुझ्या फळ्या ने बाई, पारावर जित्या बायांना जागा पुरेना. सोनीबाईची तेवढी राहू दे. ती म्हणते, "ती बसंल घरी चुलीपाशी, मी बसते पारावर."

वाट बघणारी,
तुझीच आई