आत्तीची खिडकी

गुरुवार, सातारा

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहिलं की कबूल केल्यासारखं होतं. वैमानिकाच्या दोन नोकऱ्या हातात होत्या, एक प्रवासी विमानावर, एक मालवाहू. मी मालवाहूला हो म्हणालो. मला एका जागी करमत नाही, आणि ती विमानं कुठं कुठं जातात! शिवाय खोकी तक्रार करत नाहीत. खोक्यावरून आठवलं, नवे बूट अजून खोक्यातच आहेत. असो.

पण आत्ती. बारशाला माझं नाव तिनं ठेवलं, म्हणून माझ्या पहिल्या विमानात खिडकीचा मान तिचा, असं मीच शाळेत असताना कबूल केलेलं. शिराळ्यात गल्लीभर सांगून बसलीय. परवा फोनवर म्हणाली, "खिडकीचं पक्कं हाय न्हवं रं?"

"व्हय," म्हणालो. का म्हणालो? मालाच्या विमानात तिला बसायला खिडकीच काय, खुर्चीपण नाही, एवढं सांगायला काय झालं होतं? दादा तिचे सख्खे भाऊ, म्हणून त्यांना म्हटलं, बाबा म्हणून तुम्हीच सांगा. "मान तू दिलास, तूच काढून घे," म्हणाले.

उद्या मीच तिला नक्की फोन कर...

खाली रिक्षा थांबली. आत्ती! न कळवता आलीय, नवी साडी नेसून. जिन्यातूनच ओरडतेय, "आरं, इमानात लोणच्याची बरणी चालती का?"